कुमार कादंबरीतले बारीक तपशील: बडोदे, मार्च १९४७

सुरसागर
तेरा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे. काळ मार्च १९४७, गाव बडोदे, आणि मध्यभागी रणजी करंडकाचा अंतिम सामना, बडोदे विरुद्ध होळकर, म्हणजे इंदूर संस्थानचा संघ. नायिका चौदा वर्षांची, दांडिया बाजारात राहणारी. वडील संस्थानाच्या कचेरीत कारकून. तिला स्कोअर लिहायचा नाद आहे, त्यासाठी वहीत पट्टीने रेघा मारून रकाने आखते. तिचे मामा आणि मामेभाऊ इंदूरला राहतात. ते सामन्यासाठी येतात, आणि अर्थातच होळकरांच्या बाजूने असतात. चार-पाच दिवस एकाच घरात दोन पक्ष.

गोष्ट डोक्यात पक्की आहे. अडतं ते बारीकसारीक ठिकाणी. मामा इंदूरहून कसे आले असतील? नायिकेच्या हातात खाऊला पैसे किती, आणि ते दिसायला कसे? सामना बघून परतताना अंधार की चांदणं? शाळा बुडवावी लागेल की सुट्टी आहे? ही प्रत्येक गोष्ट तिला काय करता येईल आणि काय नाही, ते ठरवते. म्हणून ‘साधारण असंच असेल’ म्हणून पुढे जावंसं वाटत नाही. मोठा माणूस वाचताना पूर्वीचं काही आठवून चूक पकडतो. चौदा वर्षांचा वाचक ते वर्ष पहिल्यांदा माझ्या पुस्तकातच बघणार आहे, आणि जे लिहीन ते तो खरं धरणार आहे.

ज्यांना जे ठाऊक आहे त्यांनी सांगा. इंदूरकरांनी तर नक्कीच.

राजवाडा इंदूर
ताई, विषय वाचून फार बरं वाटलं. या सामन्याचं नाव काढलं की आमच्या घरात अजून दोन पिढ्या गंभीर होतात.

आधी पार्श्वभूमी, कारण तुमच्या मामांच्या तोंडी ती येणारच. आदल्या हंगामात, म्हणजे १९४५-४६ ला, अंतिम सामना याच दोन संघांत इंदूरला झाला आणि होळकरांनी बडोद्याला ५६ धावांनी हरवलं. त्याच हंगामात होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला होता. एका डावात सहा जणांची शतकं! भांडारकर, सरवटे, जगदाळे, सी. के. नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. तेव्हा मामा बडोद्याच्या गाडीत बसतात ते करंडक आपलाच आहे अशा ऐटीत. कर्णधार सी. के. नायडू. जन्म ऑक्टोबर १८९५ चा, म्हणजे त्या मार्चमध्ये वय ५१. मामेभावाला याचा केवढा अभिमान असेल बघा.

आणि मग जे झालं ते असं: होळकर सर्वबाद २०२. बडोद्याचे ३ बाद ९१. इथवर मामा खुशीत. तिथून विजय हजारे आणि गुल महंमद यांची ५७७ धावांची भागीदारी. हजारे २८८, गुल महंमद ३१९. बडोदे ७८४, होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी बडोदे विजयी.

एक गोष्ट तुमच्या वहीवालीसाठी खास. त्याआधीची सर्वांत मोठी भागीदारी ५७४ होती. वॉरेल आणि वॉलकॉट यांनी बार्बाडोसकडून १९४६ मध्ये नाबाद केलेली. बडोद्यात ती अवघ्या तीन धावांनी मागे पडली, आणि पुढे २००६ पर्यंत, म्हणजे संगकारा-जयवर्धने यांच्या ६२४ पर्यंत, कोणत्याही गड्यासाठीचा विक्रम हाच होता. आता हे मैदानात बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला त्या क्षणी ठाऊक असेल का? माझ्या मते नसावं. तिने फक्त बेरीज करत राहावं. वाचकाला विक्रम कळायचा तेव्हा कळेल, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून.

रतलाम जंक्शन
मी रेल्वेत आयुष्य काढलं, त्यामुळे मामांची जबाबदारी माझ्याकडे.

१९४७ मध्ये इंदूरला ब्रॉडगेज नव्हती. इंदूर मीटरगेजवर, खंडवा-रतलाम-अजमेर या लाइनीवर. तेव्हा मामा इंदूरला बसतील ते मीटरगेजच्या गाडीत, फतेहाबाद, बडनगर करत रतलामला उतरतील. तिथे सामान उतरवून ब्रॉडगेजच्या फलाटावर जायचं आणि दिल्लीकडून मुंबईला जाणारी गाडी धरायची. पुढे दाहोद, गोधरा, बडोदे. दोन्ही टप्पे बी.बी.सी.आय. (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचेच, पण रुळांची रुंदी वेगळी, म्हणून गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. कृपा करून त्यांना ‘इंदूरहून थेट बडोदे’ आणू नका. इंदूर-रतलाम अलीकडे ब्रॉडगेज झाली म्हणून आजच्या वाचकाला थेट गाडी सहज वाटते.

हे नुसतं खरं आहे म्हणून सांगत नाही, तुमच्या उपयोगाचंही आहे. रतलामला थांबावं लागतं. मामेभाऊ पहिल्यांदा एवढ्या लांब निघाला असेल तर तो फलाट म्हणजे एक सबंध प्रकरण आहे. डबे तिसऱ्या वर्गाचे, बाके लाकडी, इंजिन वाफेचं. खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाची कणी गेलीच. चार वर्ग होते: पहिला, दुसरा, इंटर आणि तिसरा. मामा ऐटबाज आहेत असं इंदूरकर म्हणतात, तर इंटरचं तिकीट काढतील आणि मामी त्यावरून बोलतील.

अवांतर: बडोद्याची स्वतःची छोटी लाइन विसरू नका. डभोई-मियागाम नॅरोगेज १८६२ ची, आणि सुरुवातीला ती बैलांनी ओढली जायची. इंजिनं आली १८७३ ला. नायिकेची एखादी मैत्रीण डभोईची असेल तर ती त्या इटुकल्या गाडीने येईल. तिच्या आजोबांनी लहानपणी बैल जुंपलेली आगगाडी पाहिलेली असू शकते.

पंचांगप्रेमी
तुमचे दोन प्रश्न, चांदणं आणि शाळा, हे दोन्ही तारखेवरून सुटतात. म्हणून तारखा हातात घेऊ.

सामना ७ मार्च १९४७ ला सुरू झाला. वार शुक्रवार. पडताळून पाहायचं तर १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार होता आणि ७ मार्च त्याच्या बरोबर २३ आठवडे आधी येतो. आता चंद्र. ७ मार्चच्या सकाळी फाल्गुन पौर्णिमा संपते. म्हणजे होळी पेटली ६ मार्चच्या संध्याकाळी, आणि सामन्याचा पहिला दिवस धुळवडीचा!

ताई, तुमच्या कादंबरीत होळी आहे की नाही मला माहीत नाही, पण आता ती टाळता येणार नाही. पहिल्या दिवशी मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर रंगलेली माणसं असणार. आणि पाच दिवसांचा सामना संपता संपता रंगपंचमी. इंदूरकरांना रंगपंचमी म्हणजे काय ते सांगायला नको. मामा आणि मामेभाऊ आपल्या गावचा सर्वांत मोठा सण सोडून आले आहेत, आणि तो साजरा करायच्या वेळी त्यांचा संघ डावाने हरलेला आहे.

शाळेचं: शनिवार ८, रविवार ९, सोमवार १०, मंगळवार ११. रविवारी तिला शाळा बुडवायचा प्रश्नच नाही. खरी अडचण सोमवारची.

सुरसागर
धुळवड! हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं, आणि आता पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होईल असं दिसतंय. मनापासून आभार.

आणखी एक विचारते. भागीदारी ५३३ मिनिटांची होती असं सगळीकडे दिलेलं आहे. म्हणजे जवळजवळ नऊ तास. इतका खेळ एका दिवसात होत नाही, तेव्हा मध्ये निदान एक रात्र येतेच. दोघेही नाबाद आणि सगळं गाव झोपायला गेलेलं. माझ्या नायिकेसाठी ती रात्र सामन्याइतकीच मोठी आहे. एकाच घरात मामेभाऊ मनोमन ‘उद्या पहिल्याच षटकात जाऊ दे’ म्हणतोय आणि ही ‘टिकू दे’ म्हणतेय. पुस्तकातला माझा सर्वांत आवडता भाग हाच, आणि तो मला केवळ एका आकड्यातून मिळाला.

भोकाचा पैसा
नाणी माझ्याकडे लागली. मोजणी आधी: रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. म्हणजे रुपयाला ६४ पैसे. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ पासून, त्यामुळे तुमच्या पुस्तकात ‘दहा पैसे’, ‘पन्नास पैसे’ कुठेही येता कामा नयेत. ‘चार आणे’, ‘आठ आणे’ चालतील, ते तर पुढेही बोलण्यात राहिलेच.

दिसायला: १९४३ ते १९४७ या काळात निघालेल्या एक पैशाला मधोमध मोठं भोक होतं. मुलं ते दोऱ्यात ओवायची. एक आणा नागमोडी कडेचा. दोन आणे चौकोनी, कोपरे गोलसर. डोळे मिटून बोटांनीही कळतं कोणतं नाणं आहे ते. नायिका परकराच्या ओच्यात नाणी बांधत असेल तर न बघता, नुसतं चाचपून, ‘अजून एक आणा आहे’ हे तिला कळेल. अगदी नवी पावली म्हणजे निकेलची, १९४६-४७ ची, मागच्या बाजूला वाघ असलेली. मामांनी इंदूरहून येऊन भाचीच्या हातावर काय ठेवावं, तर तो वाघ.

आणि घरात आजी असेल तर तिच्या तोंडी बाबाशाही रुपया येऊ द्या. बडोद्याचं स्वतःचं चलन होतं ते, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गेलं. आजीच्या लहानपणी तेच.

वाचक बडोदेकर
सगळ्यांचं ज्ञान थोर आहे, पण मला वेगळं वाटतं ते मांडतो. मुलांना गोष्ट हवी असते. त्यांना नाण्याला भोक होतं की नव्हतं याने काय फरक पडतो? लेखक एवढं शोधत बसला की मग शोधलेलं सगळं पुस्तकात कोंबतो, आणि आमची मुलं तिसऱ्या पानावर पुस्तक खाली ठेवतात. मी शिक्षक आहे, हे रोज बघतो. त्यापेक्षा माणसं खरी करा.

निळी शाई
सर, तुमच्या अर्ध्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. कोंबलेलं पुस्तक मुलं टाकतात, मीही संपादनात असे उतारे कापते. पण कापायला आधी लेखकाकडे ते असावं लागतं. शोधलेल्या दहा गोष्टींतली एक पानावर येते आणि उरलेल्या नऊ लेखकाला चुकीचा प्रसंग लिहू देत नाहीत.

मी लेखकांना एकच कसोटी सांगते: या तपशिलाने पात्राच्या हालचालीत किंवा मनात काही बदलतं का? रतलामला गाडी बदलावी लागते, याने बदलतं. सोमवारी शाळा आहे, याने बदलतं. नाण्याचा धातू कोणता, याने नाही. ते जाऊ दे. पण वाघाची पावली मामाने दिली आणि तो हरल्यावर ती परत द्यावी की नाही असा पेच पडला, तर बदलतं.

माझ्या अनुभवात लेखक वस्तू तपासतात: कंदील, चप्पल, पेन. (पेनवरून आठवलं, वहीतला स्कोअर बॉलपेनने लिहू नका. शिसपेन्सिल, नाहीतर टाक-दौत.) तपासायचं राहून जातं ते म्हणजे त्या दिवशी कोणाला काय ठाऊक नव्हतं. मार्च १९४७ म्हटलं की आपल्या मनात १५ ऑगस्ट येऊन बसतो. त्या मुलीच्या मनात तो नाही. २० फेब्रुवारीला ब्रिटनचे पंतप्रधान ॲटली यांनी जाहीर केलं होतं की जून १९४८ पर्यंत इंग्रज सत्ता सोडतील. म्हणजे ९ मार्चला कोणी हिशेब मांडला तर स्वातंत्र्याला सव्वा वर्ष आहे. माउंटबॅटन अजून आलेले नाहीत, ते २२ मार्चला येतील. फाळणीची योजना जाहीर होईल ३ जूनला. बडोदे संस्थान विलीन होणार हे तर कारकुनाच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नाही, ते झालं १ मे १९४९ ला. तिच्या वडिलांना आपली नोकरी, आपले महाराज प्रतापसिंहराव, सगळं कायमचं वाटतंय. ‘लवकरच देश स्वतंत्र होणार होता’ असं एक वाक्य निवेदनात आलं की त्या मुलीचं वर्तमान मोडतं.

तुम्ही म्हणता माणसं खरी करा. माणूस खरा होतो तो त्याला पुढचं माहीत नसतं म्हणूनच.

वाचक बडोदेकर
हे पटलं. वडिलांची नोकरी कायमची वाटणं, हे वाचून गलबललं. आमच्या आजोबांचं हेच होतं. माझा आक्षेप कोंबण्यावरच होता, तो तेवढा ठेवतो.

सुरसागर
निळी शाई, तुमच्या प्रतिसादानंतर मी त्या आठवड्याच्या बातम्या लावून पाहिल्या आणि अस्वस्थ झाले. गुल महंमद लाहोरचे. २ मार्चला पंजाबात खिज्र हयात यांचं मंत्रिमंडळ गेलं आणि त्यानंतर लगेच लाहोर, अमृतसर, मुलतान, रावळपिंडीला दंगली उसळल्या. त्याच आठवड्यात हा लाहोरचा डावखुरा तरुण बडोद्यासाठी ३१९ धावा करतो. समोर उभा सांगलीचा हजारे. बडोद्याची माणसं दोघांसाठी टाळ्या वाजवतात. पुढे गुल महंमद भारताकडून ऑस्ट्रेलियाला गेले, नंतर पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटीही खेळले.

हे पुस्तकात कसं यावं? त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मी लिहू शकत नाही. तो हक्क मला नाही असं मला ठामपणे वाटतं. होऊन गेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं आणि ते मुलांनी खरं समजून आयुष्यभर बाळगायचं, हे मी करणार नाही. ते फटके मारतील, धावतील, बाद होतील, स्कोअरकार्डात आहे तेवढंच. पण वडील घरी वर्तमानपत्र वाचतात. त्यात एका पानावर लाहोर आणि दुसऱ्या पानावर सामना. नायिका स्कोअर ताडून पाहायला पान उलटते तेव्हा तिची नजर त्या बातमीवरून जाईल. ती काही विचारेल का, वडील काय उत्तर देतील, ते माझं. ती माणसं माझी आहेत.

निळी शाई
अगदी हीच रेघ. खऱ्या माणसाला नोंद आहे तेवढंच द्या, बाकीचं सगळं आपल्या पात्रांना.

मांडवीचा वाचक
वर्तमानपत्रांचा विषय निघालाच आहे तर: मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना आणून ग्रंथालयांची चळवळ उभी केली, तिथलं हे मूळ. संस्थानचे हुकूम, नेमणुका, नियम यांसाठी ‘आज्ञापत्रिका’ चाळा. कारकून वडिलांची भाषा कशी असेल ते त्यातून कानात बसेल. जुन्या अंकांत फक्त हवी ती बातमी शोधू नका, जाहिरातीही वाचा. त्या महिन्यात दुकानात काय मिळत होतं ते तिथेच कळतं. तेव्हा रेशनिंग होतं, कापडावर नियंत्रण होतं, हे तर घरातल्या प्रत्येक पदार्थाला आणि कपड्याला लागू. सामन्यासाठी दोन पाहुणे चार-पाच दिवस राहायला आले की आईला साखर मोजावी लागणार.

शिवाय हे ग्रंथालय तुमच्या नायिकेलाही द्या. पुस्तकांच्या मजल्यांना तिथे काचेची जमीन आहे, खाली उजेड पोचावा म्हणून. वर कोणी चाललं की खालून त्याच्या पावलांची सावली दिसते. मुलांना हे फार आवडेल. आणि वर्तमानपत्र वाचायला तिला घरी वाट बघायची गरज उरणार नाही.

राजवाडा इंदूर
एक सूचना. स्कोअरकार्ड समोर ठेवून एकेका दिवसाचा कागद करा: खेळ, वार, तिथी, घरात काय, वर्तमानपत्रात काय. ज्या रकान्यात काही मिळालं नाही तिथे प्रसंग घरात वळवा. मैदानावरचा एखादा चेंडू कल्पनेने रंगवू नका, आमच्यासारखे लोक बसलेत वाचायला. पण मामेभावाला थोडा जास्त खेळवा, ही इंदूरची विनंती.

सुरसागर
नक्की. तो आता नायिकेइतकाच मोठा झालाय. शेवटचा प्रश्न, पंचांगप्रेमींना. रविवारी ९ तारखेला खेळ संपल्यावर दोघं घरी न जाता सुरसागर तळ्याच्या काठाने रेंगाळतात आणि तिथे त्यांचं कडाक्याचं भांडण होतं. मला तिथे चांदणं हवं होतं. मिळेल? आणि दुसरं: १९४४ ची एक आठवण आहे, वडील ऑफिसातून येतात तेव्हा अजून उजेड असतो असं तिला आठवतं. ते चालेल?

पंचांगप्रेमी
चांदणं त्या वेळी मिळणार नाही. बडोद्यात त्या सुमारास सूर्य पावणेसातला मावळतो, सव्वासातपर्यंत चांगला अंधार पडतो. पौर्णिमा होऊन दोन दिवस गेलेत, चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो. ९ तारखेला तो वर यायला आठ वाजून जातील. म्हणजे भांडण अंधारात. समेट करायचा असेल तर आठनंतर करा, किंवा दोघांना चंद्र उगवायच्या आत घरी पाठवा. तेवढ्यात आई दारात उभी असेलच.

१९४४ ची आठवण चालेल, उलट फारच छान बसते. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे केलेली होती. त्या काळात मार्चमध्ये बडोद्यात सूर्यास्त घड्याळाप्रमाणे पावणेआठच्या सुमारास. वडील सातला आले तरी अंगणात ऊन असेल. मात्र तेव्हा सकाळी सूर्य उगवायलाच आठ वाजायला यायचे, तेव्हा शाळेची तयारी दिव्याच्या उजेडात दाखवा.

सुरसागर
अंधारात भांडण जास्त चांगलं. चेहरे दिसत नाहीत म्हणून दोघं एरवी बोलले नसते ते बोलतील. प्रकरण लिहायला घेते. सोमवारच्या शाळेचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. शिक्षक असलेल्या सरांनी सांगावं: परीक्षा तोंडावर असताना चौदा वर्षांची हुशार मुलगी बाईंना कोणतं कारण देईल, जे बाईंना खोटं आहे हे कळेल आणि तरी त्या सोडतील?

वाचक बडोदेकर
कारण देणारच नाही. हुशार मुली खोटं बोलत नाहीत, त्या सरळ विचारतात. आणि बाईंनाही स्कोअर हवा असेल. ‘जा, पण संध्याकाळी वही दाखव’ म्हणतील.